पाण्याकडून आलेला होकार

आत्या, तुझा टेंट अजून वाळत नाही.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत एप्रिलच्या उन्हात पापड बघता बघता कडक होतात. तिथेच मी तो रोज सकाळी पसरते. संध्याकाळी घडी घालायला घेतला की तळाचं कापड हाताला गार लागतं. जानेवारीत आपण तो वाळवूनच पिशवीत भरला होता. मला पक्कं आठवतं, कारण तू प्रत्येक शिवणीला गाल लावून बघत होतीस, बाळाचा ताप बघावा तशी. आई म्हणते, तारनाक्याच्या तुझ्या घरात ओल आहे. असेलही. पण ओल धरलेल्या कापडाला बुरशीचा वास येतो. याला तळ्याचा येतो.

"कुणाला तरी देऊन टाकू हा," काल बाबा म्हणाले. "आमच्या ऑफिसातल्या पोरांना ट्रेकिंगचं भारी वेड आहे."

"राहू द्या," आई म्हणाली. "मनूला लागेल. तिनं अक्कांना शब्द दिलाय ना."

बाबा एकदम आत निघून गेले. आई माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी कापडाचे चिमटे काढत राहिले.

तेवढ्यासाठीच हे तुझ्याशी बोलते आहे. मी शब्द दिला नव्हता, आत्या. त्या सकाळी तळ्यावर 'होय' म्हणणारी मी नव्हते. आणि तुला ते माहीत होतं, असं आता मला वाटायला लागलं आहे.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. घरात येणारे सगळे तुझ्याबद्दल हसूनच बोलतात, आणि ते मला आवडतं. अक्का म्हणजे काय, साठी उलटली तरी तंबू घेऊन जंगलात झोपायला जायची. लग्न नाही केलं, पण नाव वल्हवायला शिकली. आमच्या शेजारच्या रेड्डी आंटी म्हणाल्या, "ऐसी लेडी मैं नै देखी." तू ऐकलं असतंस तर मान डोलावून म्हणाली असतीस, "देखनेकूच तो आते थे सब."

पण टेंट घेऊन तू मुळात जायला का लागलीस, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तू ते मला थोडं थोडं करून सांगितलंस. कयाकमध्ये तू मागे बसायचीस, मी पुढे. तोंड दिसत नसलं की मला ऐकायलाही सोपं जातं आणि बोलायलाही, हे तू कधीच ओळखलं होतंस.

नांदेडच्या पलीकडे आपलं शेत होतं, शेतात विहीर, आणि विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या बायका. चांगल्या की वाईट असं मी विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, "शेजारणी असतात तशा." वर्षातून एकदा त्यांना दहीभाताचा निवेद दाखवायचा. तो घरच्या लेकीनं ठेवायचा, सुनेनं नाही. सुना दुसऱ्या पाण्यावर वाढलेल्या. त्यामुळे हे काम आईकडून मुलीकडे जायचं नाही, आत्याकडून भाचीकडे जायचं. शेत विकलं, घरदार हैदराबादला आलं, विहीर मागे राहिली, तेव्हा तुझी आत्या, रखमाआत्या, म्हणाली होती, "पाणी ते पाणी. वाहतं नको, थांबलेलं बघ आणि ठेव."

थांबलेलं पाणी शोधत तुम्ही दोघी आधी शहरातल्याच तलावांवर जायचात. मग त्या तलावांच्या काठी इमारती आल्या, वास यायला लागला, कुंपणं पडली. तू लांब लांब जात राहिलीस आणि शेवटी विकाराबादच्या पुढच्या त्या सरकारी पार्कात पोहोचलीस. झाडी, मोठं तळं, काठावर टेंट लावायला सपाट जागा, कॅन्टीन, कयाक. निवेद ठेवायला एक दुपार पुरते. "पण ठेवून झाल्यावर परत फिरावंसंच वाटेना गं," तू म्हणाली होतीस. "मग टेंट घेतला. आता लोकांना वाटतं म्हातारी फॅशन करते. वाटू दे."

तळ्यावर तू वेगळी असायचीस. तारनाक्याच्या घरी तू गॅसचं बटण पुन्हा पुन्हा तपासणारी बाई होतीस. तळ्यावर मात्र अनवाणी फिरायचीस, खुंट्या ठोकताना गाणं म्हणायचीस, तेही बेसूर, आणि आजूबाजूच्या लोकांवर मराठीत मोठ्यानं शेरे मारायचीस. हैदराबादी मराठी माणसांचा हा जुनाच समज, की आपण बोललेलं बाहेर कुणाला कळत नाही. आपण मराठीत बोललो म्हणजे दार लावून बोललो. रिक्षात, लिफ्टमध्ये, आबिड्सच्या साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर, "नको घेऊ, लुटतोय मेला."

त्या कॅन्टीनपाशी एक गृहस्थ लाइफ जॅकेट घालून उभे होते. जॅकेट काही पोटावर बसत नव्हतं. तू माझ्या कानात नाही, चांगलं चार टेबलांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "बघ बघ, पोत्याला सुतळी बांधल्यागत दिसतंय."

पुढच्या टेबलावरची बाई शांतपणे वळली. "पोतं माझंच आहे मावशी. सुतळी बी मीच बांधली."

मला तर टेबलाखाली जावंसं वाटलं. तू मात्र टाळीच दिलीस तिला. उदगीरची होती ती. अर्ध्या तासात तुम्ही दोघी तिच्या डब्यातली भाकरी खात होतात आणि पोतं आपल्यासाठी चहा आणायला गेलं होतं. परतताना मी म्हटलं, "आता तरी हळू बोलत जा." तू म्हणालीस, "का? उलट आता तर मोठ्यानं बोलायला पाहिजे. कोण कुठून उत्तर देईल सांगता येत नाही."

हे वाक्य आता मला फार छळतं आहे.

मी उत्तर द्यायला वेळ घेते. हे तुला नव्यानं सांगायला नको. लहानपणापासून माझ्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलतं. शाळेच्या मुलाखतीत सिस्टरनं मला नाव विचारलं आणि बाबांनी सांगितलं. पाहुण्यांनी विचारलं, गोड खातेस का, आई म्हणायची, तिला नाही आवडत. मला आवडतं. ऑफिसात टीम लीड मीटिंगमध्ये परस्पर सांगून टाकतो की मानसीला चालेल, आणि माझं वाक्य तोंडात तयार होईपर्यंत सगळे पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. लोक वाईट नाहीत. शांतता त्यांना सहन होत नाही, एवढंच.

तुला व्हायची. तू प्रश्न विचारायचीस आणि वल्हवत राहायचीस. आपण पार त्या वठलेल्या झाडांपर्यंत जाऊन यायचो, आणि मग मी उत्तर द्यायचे, आणि तू, मधे वेळ गेलाच नाही अशा थाटात, तिथून पुढे बोलायला लागायचीस. माझ्या आयुष्यात वाट बघणारी तू एकटीच होतीस. त्यामुळे ही तक्रार दुसऱ्या कुणाबद्दल असती तर मी केलीच नसती.

निवेदावरून आपलं भांडण होतंच. भर दुपारी तू पाण्यालगतच्या खडकांवर पळसाची पानं मांडायचीस, त्यांवर दहीभाताचे मुटके. जी ठेवत नाही तिनं पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं, हा नियम. मी पाठ करून उभी राहायचे आणि झाडांकडे बघत कुरकुर करायचे. पार्कात अन्न टाकू नये असं लिहिलंय. माशांना भात चांगला नसतो. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुझं सगळं बरोबर आहे. आता गप्प उभी राहा."

पण त्या दुपारी विचित्र असायच्या, हे मी तुला कधी कबूल केलं नाही. बारा वाजून गेले की ते तळं ऐकत असल्यासारखं व्हायचं. सकाळभर ओरडणाऱ्या टिटव्या गप्प. वारा असला तरी पाण्यावर रेघ नाही. एकदा आपण जेवून परत खाली गेलो, तर सगळी पानं जागच्या जागी होती, मुटकेही, फक्त मधल्या पानावरचा नव्हता. पान हललेलंसुद्धा नव्हतं. कावळा आला असता तर सगळं विस्कटलं असतं. मी तसं म्हटलं. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "एकटीच जेवली वाटतं. बाकीच्या रुसल्यात."

तू हसत होतीस. पण तू पाण्याकडे तोंड करून हसत होतीस, माझ्याकडे नाही.

"आणि कुणी ठेवलंच नाही तर काय होतं?" मी विचारलं होतं.

"काही होत नाही. त्यांना वाटतं, आपल्याकडून कुणी आलं नाही."

आता ती सकाळ. संक्रांतीची सुट्टी. मी टेंटची चेन उघडली आणि समोर तळं नव्हतं. नुसतं पांढरं होतं. आदल्या दिवशी उलट्या करून ठेवलेल्या कयाक दिसत नव्हत्या, कॅन्टीन दिसत नव्हतं, आपलीच खालची खुंटी दिसत नव्हती. धुक्याला आवाज नसतो म्हणतात, पण त्याच्यात कुठेतरी पाणी टपटपत होतं आणि ते नेमकं कुठे, ते कळत नव्हतं.

तू डबा घेऊन तयार होतीस. "दुपारपर्यंत नको थांबायला. आत्ताच ठेवू."

"नेहमी तर भर दुपारी ठेवतेस."

"उन्हात ही चढण आता मला जमत नाही, मनू. दम लागतो."

तुझ्या श्वासाबद्दल मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. त्याच्यावरच मी अडकले. पुढे काय विचारावं याची जुळवाजुळव करत तुझ्यामागून उतरले आणि सवयीनं पाठ करून उभी राहिले. समोर सागाची झाडं, तीही अर्धीच. मागे तुझ्या बांगडीचा खडकावर आवाज.

मग तू विचारलंस, "माझ्यानंतर तू ठेवशील ना?"

मी ऐकलं. आणि मला आठवतं, माझं उत्तर कसं तयार होत होतं. 'मला माहीत नाही' हे त्यातलं पहिलं. 'तुला काय झालंय, आधी ते सांग' हे दुसरं. मला थोडा वेळ हवा होता. तू तो देशील अशी माझी खात्री होती.

"होय माय."

बाईचा आवाज. तरुण की म्हातारी ते सांगता येणार नाही. ओरडून नाही, दोन हातांच्या अंतरावर उभं राहून बोलावं इतका साधा. पण तो तुझ्याही पलीकडून आला, जिथे खडक संपतात आणि फक्त पाणी आहे तिथून.

मी नियम मोडून वळले. तू उकिडवी बसली होतीस, एक हात खडकावर, तोंड त्या पांढऱ्याकडे. तू दचकली नव्हतीस. मागे वळून माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "बस्स," म्हणालीस. "सुटले मी."

आत्या, आपल्या घरात कुणी 'होय माय' म्हणत नाही. आपण 'हौ' म्हणतो, सगळं हैदराबाद म्हणतं तसं. 'माय' म्हणून मी जन्मात कुणाला हाक मारलेली नाही.

तू डबा धुवेपर्यंत मी वर जाऊन शोधलं. मला कुणीतरी सापडायला हवं होतं, उदगीरच्या त्या बाईसारखं कुणीतरी, जिनं आपलं बोलणं ऐकून गंमत केली असेल. बाजूच्या टेंटमध्ये कॉलेजची तेलुगू पोरं झोपली होती. कयाक साखळीत होत्या. वॉचमन यादगिरी शेकोटीशी होता. पाण्यावर कुणी बोट नेली आहे का, असं विचारायला मला बराच धीर करावा लागला.

"इत्ते धुंद में कौन जाता अम्मा?" तो म्हणाला. "चाबी मेरे पासीच है."

परतीच्या रस्त्यावर गाडी तू चालवत होतीस. धुकं विरलं होतं, तू खुशीत होतीस. चेवेळ्ळाच्या वडांपाशी आल्यावर तू म्हणालीस, "किती पटकन उत्तर दिलंस गं आज. मला वाटलं तास लावशील."

मी तुझ्याकडे बघितलं. तू रस्त्याकडे बघत होतीस. त्या वाक्यात चेष्टा होती, की परीक्षा, की विनंती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा तर मुळीच आलं नाही. मी खिडकीबाहेर वडाची झाडं बघत राहिले, आणि माझ्या गप्प बसण्यानं त्या आवाजाला माझी सही मिळाली.

मग दवाखाना. डॉक्टर बाबांना म्हणाले, "लंग्ज में पानी है," आणि तू मास्कखालून मला डोळा मारलास. त्या बेडवरसुद्धा तुला ते मजेशीर वाटलं. बाबा बाहेर गेल्यावर तू मास्क बाजूला करून म्हणालीस, "बघ, आता मला जायचीसुद्धा गरज नाही. इथेच आलं." मला हसू आलं नाही. रात्रभर तुझ्या श्वासात जो बारीक आवाज यायचा, तो मी आधी ऐकलेला होता. धुक्यात टपटपणारा.

बाबा आले तेव्हा तू त्यांना सांगितलंस, "दिगू, निवेदाचं बघू नको. मनूनं होय म्हटलंय."

बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "अक्का, तिला कशाला?" ते म्हणाले. "आता पुरे नाही का?"

"ती म्हणाली. मी म्हणायला लावलं नाही."

मी बेडच्या पायाशी उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, या वेळी अगदी पूर्ण: मी म्हटलं नाही, आत्या, ते कोण होतं? पण नर्स आली, आम्हाला बाहेर घालवलं, आणि त्यानंतर तू ज्या दोन-चार वेळा डोळे उघडलेस त्या वेळा या प्रश्नाच्या नव्हत्या. मी तुझे पाय चोळत बसले. ते गार होते. टेंटच्या कापडाइतके.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि बाबा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. टेंट दोरीवर होता. खालच्या फरशीवर त्यानं ओला डाग पाडला होता, बाबा तो बघत होते.

"मनू, खरं सांग. तू म्हणालीस का?"

मी उत्तर द्यायला वेळ घेतला. बाबांना वाट बघणं जमत नाही, पण त्या दिवशी त्यांनी जमवलं. ते स्वतःच बोलायला लागले, पण माझ्या वतीनं नाही.

"रखमाआत्यानं अक्काला विचारलं ना, तेव्हा मी तिथे होतो. लहान होतो. शहरातल्याच एका तळ्यावर आम्हा दोघांना पाठ करून उभं केलं होतं. अक्कानं माझा हात धरला होता. मागून रखमाआत्यानं विचारलं, माझ्यानंतर तू ठेवशील ना. मी अक्काकडे बघत होतो, ती काय म्हणते म्हणून. तिचं तोंड मला दिसत होतं, मनू. तोंड बंद होतं."

"आणि?"

"आणि उत्तर आलं."

त्यांनी ते शब्द उच्चारले नाहीत. ते मीच उच्चारले. "होय माय."

बाबांनी कठडा धरला. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना.

"म्हणजे तू म्हणाली नाहीस," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"अक्काही नाही. घरी जाताना तिनं मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, कुणीतरी होय म्हटलंच आहे, आता आपण नाही म्हटलं तर वाईट दिसेल." बाबा हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "वाईट दिसेल! तेवढ्यावर तिनं जन्म काढला. बदली मुंबईला आली, नाही गेली. स्थळं आली, लांबची आली, नको म्हणाली. लोक म्हणतात स्वतंत्र बाई होती. मला वाटायचं, दाव्याला बांधलेली आहे, फक्त दावं लांब आहे. तू नको जाऊस त्यात. काही होत नाही. मी सांगतो, काही होत नाही."

बाबा आत गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. भीती वाटली, ती आवाजाची नाही. तुझी वाटली, पहिल्यांदाच.

कारण तू त्या दिवशी पाण्याकडे तोंड करून बसली होतीस. आवाज तुझ्या समोरून आला. तू तो आधी एकदा ऐकलेला होतास, तुझं तोंड बंद असताना. म्हणजे तू ओळखलास. माझं तोंड बघायला तू वळली नाहीस, कारण ते तुला बघायचंच नव्हतं. सगळ्या जगात माझ्या उत्तराची वाट बघणारी जी एकटी बाई, तिनंच ते एकदा, जेव्हा खरंच हवं होतं तेव्हा, दुसऱ्या कुणाकडून घेतलं.

का, आत्या? दमली होतीस म्हणून? घाबरली होतीस म्हणून? की मी नाही म्हणेन असं तुला वाटलं? मी म्हटलंही असतं. पण मग मी तुला जवळ बसवून विचारलं असतं, तू का गेलीस इतकी वर्षं, आणि तू मला सांगितलं असतंस. तेवढं बोलणं आपलं बुडालं. त्याचा मला राग आहे. तो राहणार आहे, आणि तू त्याच्यावर हसू नकोस.

पण रागाच्या मधेच मला तू दिसतेस. तोंडात खुंटी धरून दोर ताणणारी. पहाटे स्टोव्हवर चहा उकळताना, डोक्याला मफलर, नाकाचा शेंडा लाल. पाण्यात पाय सोडून "अहाहा" म्हणणारी. बाबा म्हणतात दावं. मी इतक्या वेळा तुझ्याबरोबर होते, मला ते दिसायला नको होतं का? दुसऱ्याच्या होकारावर कुणी इतकं मजेत जगत नाही. कधीतरी, कुठल्यातरी दुपारी, तू तो आपला करून घेतला असशील. कधी, ते तू सांगितलं नाहीस. आणि तू आपला केलेला होकार मला चालणार नाही. मला माझा हवा. नाहीतर माझा नकार हवा.

परवा बाबांना म्हटलं, मला तळ्यावर घेऊन चला. त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. एप्रिलमध्ये पाणी बरंच खाली जातं, तुला माहीत आहे. आपले खडक कोरडे पडले होते आणि त्यांच्या पुढचे, मी कधी न पाहिलेले, वर आले होते. शेवाळ वाळून त्यांचा रंग केसांसारखा झाला होता. टेंट लावलेलं कुणी नव्हतं. बाबा कट्ट्यावरच थांबले. "मी इथे आहे," म्हणाले. "हाक मार." आणि लगेच म्हणाले, "नाही, हाक मारू नको. हात कर."

मी खाली गेले. पानं मांडली. भात मी स्वतः केला होता, जरा गिच्च झाला होता. टिटव्या गप्प झाल्या. ज्या क्षणी त्या गप्प झाल्या तो क्षण मला कळला, मानेवर कुणी फुंकर घालावी तसा. समोर पाणी काचेसारखं, आणि त्याच्यात माझं प्रतिबिंब मला दिसायला हवं होतं, पण ऊन वरून असल्यानं म्हणा, तिथे नुसता उजेड होता.

"ते मी म्हटलं नव्हतं," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली. मी पुन्हा म्हटलं, जोरानं. "आत्यानंही म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत."

काठावरचं पाणी वीतभर मागे सरलं. वारा नव्हता. मला पळावंसं वाटलं आणि पाय उचलला नाही.

"हा भात मी आणला आहे. माझ्या मनानं आणला आहे, आत्यासाठी. पुढच्या वर्षी येईन की नाही ते मला माहीत नाही. मला वेळ लागतो. तुम्ही माझ्याऐवजी बोलू नका."

मग मी थांबले. तू थांबायचीस तशी. सगळं अंग कान झालं होतं. तो आवाज आला असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. पाणी होतं तिथेच, ना पुढे ना मागे. कुणी काही बोललं नाही. आत्या, त्या शांततेत कुणीतरी होतं, हे मी शपथेवर सांगेन. आणि त्यांनी मला मधे तोडलं नाही.

मी वर आले. बाबा उभे होते, पाण्याकडे पाठ करून, लहानपणी उभं केलं होतं तसे. चेहरा घामानं भिजला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऐकून घेतलं."